नेव्यानाचं रक्त

“तुमच्या रक्तात औषधाचा मागमूसही नाही,” डॉक्टर बोनेव म्हणाले.

“मग तुमचं यंत्र बिघडलंय,” नेव्यानानं ठणकावलं.

बल्गेरियातल्या पेर्निकच्या दवाखान्यात नैराश्यावरच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. मेंदूतलं सेरोटोनिन वाढवणारी, अजून बाजारात न आलेली गोळी. नेव्याना त्या चाचणीत पहिल्यापासून होती. आज तिला वगळायचं ठरलं होतं आणि बाई हटायला तयार नव्हती.

“गोळी लागू पडलीय, डॉक्टर. रात्रभर छताकडे बघत पडणं संपलं. छातीतली धडधड गेली. गच्चीवरची कबुतरं चार वर्षं खुराड्यात सडत होती, ती पुन्हा उडायला लागलीत. आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

“गोळी पोटात गेलीच नाही, तरी?”

“गेली पोटात. एकही वाया गेली नाही, आईची शपथ.”

बोनेव वैतागले. माणूस वाईट नव्हता, पण नियमापुढे त्यांचं काही चालत नसे.

“उरलेल्या गोळ्या परत द्या, बाई.”

“नाही देत. बोलवा पोलिसांना.” तिनं पर्स छातीशी धरली. “खाणीचं गाव आहे हे. इथली माणसं जीव देतील, पण वेड्यांच्या डॉक्टरची पायरी चढणार नाहीत. मी चढले. शेजारणींनी वेडी म्हटलं, तेही ऐकून घेतलं. आता मला हात हलवत परत पाठवता?”

दार आपटून ती बाहेर आली. आतून मात्र ती पार घाबरली होती. उरलेल्या गोळ्या आठवडाभर पुरल्या असत्या. पुढे पुन्हा तेच छत, तीच धडधड.

फाटकाबाहेर तिचा नवरा क्रूम गाडीला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत उभा होता. खाणीत उमेदीची वर्षं घालवलेला, कबुतरांचा शौकीन, अबोल गडी. दर वेळी तो तिला आणून सोडायचा, पण फाटकाच्या आत पाऊल टाकायचा नाही.

“काय म्हणाला?”

“गोळ्या बंद करतोय. माझ्या रक्तात सापडत नाहीत म्हणे.”

क्रूमनं बिया खिशात टाकल्या आणि सरळ फाटकातून आत शिरला.

“क्रूम, कुठे चाललास?”

“माझ्या दह्यात कुटून घालतेस, मग तुझ्या रक्तात कशा सापडतील?” तो मागे न बघता म्हणाला. “इतके दिवस कडू दही निमूट खातोय मी. चल, माझं रक्त तपासायला सांग त्याला.”