रेंज नको

"मॅडम, प्रत्येक तंबूत वायफाय आहे आणि रेंज तर एकदम फुल! पलंगावर लोळत व्हिडिओ कॉल करा," पलीकडचा माणूस अभिमानानं म्हणाला.

"मला रेंज नकोय," धाकटी म्हणाली.

"काय नकोय?"

तिनं फोन ठेवला. बाल्कनीचं दार तिनं ओढून घेतलं होतं. ते पूर्ण लागायचं नाही, फुगलेलं होतं, पण आत आई मटार सोलत बसली होती आणि टीव्ही चालू होता, म्हणून बरं.

थोरला भाऊ जहाजावर नोकरीला. बुधवारी त्याच्या कंपनीतून फोन आला होता. "आधी पहिला नंबर लावला, पण तिथं पुढं काही बोलणंच झालं नाही, म्हणून तुम्हाला..." असं काहीबाही तो माणूस सांगत होता. दादा गेला, एवढंच तिच्या डोक्यात शिरलं. बाकी सगळं कानावरून गेलं.

आईच्या हृदयाचं ऑपरेशन येत्या मंगळवारी होतं. डॉक्टरांनी धाकटीला आणि तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, तोवर मनाला धक्का बसता कामा नये. दादाला घरी आणायलाच दोन आठवडे लागणार होते, तोवर झाकून ठेवता आलं असतं. पण मध्ये रविवार होता. जगाच्या पाठीवर कुठंही असो, रविवारी दुपारी दादाचा आईला फोन यायचाच. तो आला नाही की आई काय समजायचं ते समजणार.

"मी काढू का दादाचा आवाज?" नवऱ्यानं विचारलं आणि काढूनही दाखवला. सर्दी झालेला बोकड बरा. धाकटी खो खो हसली आणि हसता हसता तिला असं रडू कोसळलं की नवऱ्यानं घाईघाईनं तिच्या तोंडावर उशी धरली.

मग तिला सहल सुचली. हवापालटाला डॉक्टरांची हरकत नव्हती, फक्त चढउतार नको म्हणाले. जिथं फोनच लागत नाही अशी जागा मिळाली की रविवार निभला.

पण अशी जागा मिळेल तर शपथ. लाकडी केबिनवाल्यानं नवा टॉवर शेजारीच उभा राहिल्याची खुशखबर दिली. चाकांवरच्या घरात टीव्हीपासून सगळं होतं, वर इंटरनेट फुकट. एका जंगलात खरंच रेंज नव्हती, पण तिथं शंभरेक पायऱ्या. रेंज नाही म्हणून लोक भांडतात, आणि ही बाई आहे म्हणून भांडते! दिवस हातातून निसटत होते आणि धाकटीचा जीव टांगणीला लागला होता. शुक्रवारी सकाळी तर ती बाल्कनीत कठड्याला धरून नुसती उभी राहिली.

"अगं, माझ्या बागेतल्या मैत्रिणी एका ठिकाणी गेल्या होत्या," आई आतून म्हणाली. "दरीत आहे. लाकडाच्या खोल्या, पायऱ्याबियऱ्या काही नाहीत. लाव बघू फोन." आणि तिनं नंबर घडाघडा सांगितला.

तिथल्या मालकीणबाईंनी फोन उचलला. धाकटीनं नाव सांगितलं, तारीख सांगितली.

"या की. पण आधीच सांगते, आमच्याकडे रेंज नाही हं. अजिबात नाही."

धाकटीला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले.

"पण आई, रविवारी दादाचा फोन यायचा," ती उगाच तोंडदेखलं म्हणाली.

"एक रविवार नाही बोललं तर काय आभाळ कोसळतंय? कळवून टाक त्याला."

आई शेजारीच येऊन बसली होती, त्यामुळं लिहिणं भाग होतं. धाकटीनं दादाच्या नंबरवर लिहिलं, 'रविवारी आम्हाला रेंज नसेल. फोन करू नकोस.'

"काळजी घे म्हणावं," आई म्हणाली.

तिनं तेही लिहिलं.

"पोचला का गं?"

"पोचला," धाकटी म्हणाली आणि मटारांची टरफलं उचलायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली.

शनिवारी ते निघाले. वाटेत कुणाचा सांत्वनाचा फोन यायला नको म्हणून नवराबायकोनं आपापले फोन घरातूनच बंद करून घेतले. दरी खरोखर छान होती. खोलीसमोर लाकडी ओटा होता, त्यावर खुर्च्या. आई गेल्या गेल्या खुर्चीत बसली आणि तिनं लांबूनच आपला फोन दाखवला.

"एक काडी नाही बघ!" म्हणाली, आणि तो पिशवीच्या तळाशी टाकून दिला.

रात्री आई म्हणाली, "उद्या दुपारी तू जरा फिरून ये. मी यांच्याशी पत्ते खेळते." जावयाला पत्त्यात हरवणं हा तिचा जुना छंद.

रविवारी दुपारी दोघांचा डाव रंगला तशी धाकटी मालकीणबाईंच्या ऑफिसच्या मागच्या झाडाखाली जाऊन बसली. बुधवारपासून तिला धड रडता आलं नव्हतं. दादानं कधीतरी त्याच्या आवाजात पाठवलेला एक निरोप तिच्या फोनमध्ये होता, काहीतरी फालतू, बुटांच्या मापाबद्दल. तोच ऐकावा म्हणून तिनं फोन सुरू केला.

फोन किणकिणला. पुन्हा किणकिणला. मग थांबेचना. मामा, मावशी, दादाचे मित्र, सगळ्यांचे निरोप धडाधड येऊन पडायला लागले. वरच्या कोपऱ्यात सगळ्या काड्या उभ्या होत्या.

आईची पिशवी ओट्यावरच होती. ती धावतच ऑफिसात शिरली.

"तुम्ही रेंज नाही म्हणालात! माझ्या आईला काही झालं तर... इथं रेंज आहे!"

मालकीणबाई हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. त्यांनी आधी उघड्या दारातून ओट्याकडे पाहिलं. तिथं आई जावयाचा पत्ता मारून हसत होती.

"आहे हो, पहिल्यापासून आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या आधी तुमच्या आईंचाच फोन आला होता. म्हणाल्या, 'माझी मुलगी फोन करेल, तिला रेंज नाही म्हणून सांगा. कंपनीचा पहिला फोन मलाच आला होता. थोरला गेल्याचं मला कळलंय हे तिला कळलं, तर पोरगी मोडून पडेल.'"