सुदानचा प्रश्न

"मॅडम, मी सुदानला परत जाऊ का?" तास संपल्यावर अमलने विचारलं. फळा पुसणाऱ्या शर्वाणी गद्रे तिथेच थबकल्या.

पुण्यात परराष्ट्र धोरण शिकवता शिकवता त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं. सुदानवर त्यांचा शब्द दिल्लीतही मानला जाई. अमलचा भाऊ इद्रिस हा त्यांचा लाडका विद्यार्थी. त्यांच्याच आग्रहावरून तो मायदेशी, खार्टूमला, सुदानच्या परराष्ट्र खात्यात गेला आणि तिथल्या युद्धात मारला गेला. तेव्हापासून मागून कुणी "मॅडम" म्हटलं, की त्यांना त्याचाच आवाज ऐकू येई.

"नको जाऊस," त्या कशाबशा म्हणाल्या.

"भावाला तर तुम्ही जा म्हणाला होतात."

"म्हणूनच सांगतेय."

अमलने बॅग खांद्याला लावली. "तो गेला हे आईला अजून पटलेलं नाही, मॅडम. ती खार्टूमलाच एकटी त्याची वाट बघत बसलीय."