संगीताचा रस्ता

साखराबाईनं मुरमाची पाटी खड्ड्यात उपडी केली आणि वर पाय देऊन पाहिला. मुरूम चार बोटं खाली गेला. म्हणजे खालचे दगड नीट बसले नव्हते. तिनं पाटीभर मुरूम पुन्हा उकरून काढला.

तिचा चुलत दीर मुंजाजी शेरडं घेऊन चालला होता. तो थांबून म्हणाला, वहिनी, पंचायतीनं मुरूम नुसता पसरायला सांगितलाय, तुम्ही तर बाळंतिणीला शेकावं तसं रस्त्याला शेकायला लागलाव. साखराबाईनं मान वर केली नाही. मोठे दगड तिनं पालथे बसवले, फटीत बारीक खडी ठोकली, वर मुरूम ओढला, पाणी मारलं आणि धुमस घेऊन ठोकायला लागली.

नेकनूरच्या सडकेपासून वस्तीपर्यंत हा दीड किलोमीटरचा रस्ता. दर पावसाळ्यात त्याची चाळणी होते. यंदा पंचायतीनं बैठकीत सांगून टाकलं की ट्रॅक्टरनं मुरूम आणून देऊ, पण चर काढायचे, खड्डे बुजवायचे ते वस्तीनं. घरटी पन्नास पावलांचा वाटा पडला. लोकांनी हो म्हटलं खरं, पण वरवरची मलमपट्टी केली आणि मोकळे झाले. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. दिवाळी झाली की सगळे ऊसतोडीला जाणार, आणि त्यांना न्यायला येणारा ट्रक नाल्यातूनही जातो. ट्रकला खड्डे कळत नाहीत. जावयाच्या गाडीला कळतात.

साखराबाईला नवरा नाही, मुलगा नाही. एकच लेक, संगीता, तेलगावला दिलेली. तीन वर्षांमागं दिवाळीला जावई नाथा तिला घेऊन आला आणि नवीकोरी गाडी ह्याच रस्त्यावर दगडावर बसली. चेंबर फुटला, तेल सगळं मातीत गेलं. मांजरसुंब्याचा मिस्त्री सामान घेऊन यायला चार दिवस लागले. जाताना नाथा उंबऱ्यातच बोलून गेला की रस्ता होईस्तोवर ह्या वस्तीवर गाडी आणणार नाही. आणि बायकोला येष्टीनं एकटं धाडलं तर ह्याची इज्जत जाते. झालं, तेव्हापासून लेकीला माहेर बंद. लग्नाकार्यात भेट व्हायची, ती पंगत उठेपर्यंतची. फोनवर बोलून कुठं पोट भरतं? साखराबाईला लेक घरात पाहिजे होती, पाय पसरून बसलेली, डोक्याला तेल लावून घेणारी.

म्हणून आपला वाटा झाल्यावर ती लोकांच्या वाट्यात शिरली. दारोदार गेली. कुणाला गोडीनं सांगितलं, कुणाच्या अंगणात फतकल मारून बसली. भिवराबाई म्हणाली, तुझ्या जावयासाठी आमी कशापायी मरावं? पण दुसऱ्या दिवशी तीच पाटी घेऊन आली. मग लाजेकाजेनं बाकीचे आले. म्हाताऱ्यांनी चर मोकळे केले, पोरींनी हापशावरून पाणी आणलं. मुंजाजीनं त्याचं नावच संगीताचा रस्ता ठेवलं, चेष्टेनं, पण धुमस घेतली ती शेवटच्या खड्ड्यापर्यंत खाली ठेवली नाही. वसुबारसेला काम झालं.

जावयानं आधी फोटो मागवला. मुंजाजीच्या सुनेनं रस्त्याचे पाच फोटो पाठवले. उत्तरात नुसता अंगठा आला. त्या अंगठ्यावर साखराबाई तीन दिवस हवेत होती. तिनं वाकळा उन्हात टाकल्या, म्हशीचं दूध डेअरीला घालणं बंद करून घरी ठेवलं. पहिल्या दिवशी पुरण, दुसऱ्या दिवशी धपाटे, तिसऱ्या दिवशी न्हाणं, चौथ्या दिवशी नुसत्या गप्पा, असे तिनं चार दिवस मनात मांडून ठेवले.

पाडव्याला अकरा वाजता गाडी दारात उभी राहिली. नाथानं उतरून आधी खाली वाकून पाहिलं. कुठं एक ओरखडा नव्हता. तो खूश झाला. जेवण झालं, वस्तीवरच्या बायका येऊन भेटून गेल्या. माणसं पांगली आणि साखराबाई तेलाची वाटी घेऊन लेकीच्या मागं बसली, तेवढ्यात नाथानं किल्ली उचलली.

"मामी, रस्ता लई झकास केला तुमी," तो मनापासून म्हणाला. "आता मुक्कामाचं काय काम? दिवस मावळायच्या आत तेलगाव."

साखराबाईनं दूध ठेवल्याचं सांगितलं, वाकळा दाखवल्या. तो हसून म्हणाला, आता काय, मनात आलं की येऊ. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

संगीताचे अर्धे केस तेलानं चपचपीत, अर्धे कोरडे, तसाच तिनं अंबाडा घातला. तिची पिशवी साखराबाईनं उचलली तर ती जड लागली. आत चार लुगड्यांची थप्पी होती, घडीसुद्धा मोडली नव्हती.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "रस्ता झालाय आई. आता कवाबी येता येतंय." आणि तिनं दुसरीकडं तोंड फिरवलं.

गाडी सुरू झाली. साखराबाई सवयीनं तिच्या बाजूनं चालायला लागली. लग्नानंतरची पहिली वर्षं, नाथाकडं जुनी गाडी होती तेव्हा, असंच असायचं. गाडी खड्ड्याखड्ड्याला थांबायची, डुलत डुलत पुढं सरकायची. सडकेपर्यंत जायला अर्धा घंटा लागायचा. तेवढा अर्धा घंटा साखराबाई काचेला हात लावून शेजारून चालायची आणि मायलेकींचं राहिलेलं सगळं बोलणं त्यात व्हायचं.

आज तिनं काचेकडं हात नेला, तोवर गाडी वळणाआड गेली होती.