मधे बोलायचं नाही

मैत्रिणीने ऐनवेळी टांग दिली. "पाहुणे आलेत गं, आज नाही जमणार," एवढं बोलून तिने फोन ठेवला. सून लॅपटॉपसमोर डोकं धरून बसली. समाजकार्याच्या पदवीचं तिचं शेवटचं वर्ष. सगळं शिक्षण घरबसल्या, पडद्यावरून. अडचणीतल्या माणसाचं म्हणणं कसं ऐकून घ्यायचं, याचं रेकॉर्डिंग दुपारच्या आत पाठवायचं होतं. नाही पाठवलं तर प्रॅक्टिकल बुडालं, म्हणजे वर्षच बुडालं. ऐकणारी तयार होती, बोलणारंच कोणी नव्हतं.

ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. नवरा कामावर, लेक शाळेत. दाराशी सासरे चपला घालत होते. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. रोज सकाळी तिचा वर्ग सुरू व्हायच्या बेताला ते असेच निघत आणि जेवायला परत येत. 'आजोबांचं ऑफिस' म्हणून घरात त्यांची थट्टा व्हायची. बागेत त्यांचा कट्टा जमत असणार, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं.

"बाबा, आज ऑफिसला दांडी मारा. माझ्यासमोर बसा आणि काहीतरी अडचण असल्यासारखं बोला. मी ऐकणार."

"खोटं खोटं?"

"हो. मनाला येईल ते सांगा. मी मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, असा नियम आहे."

"म्हणजे कठीणच आहे की तुला," सासरे म्हणाले आणि चपला काढून खुर्चीच्या कडेवर बसले. आयुष्यभर त्यांनी बस चालवली होती. नाटक कधी केलं नव्हतं.

तिने रेकॉर्डिंग सुरू केलं. टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता. डोळा पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर.

"एक माणूस आहे," सासऱ्यांनी सुरुवात केली. "म्हातारा. घरचे चांगले आहेत. खाणंपिणं वेळेवर. पण..." ते थांबले. शर्टाचं बटण चाचपत बसले. बोला ना पटापट, ती मनात म्हणाली.

"त्याची सून शिकते. हुशार आहे. एकदा तो तिला चहा द्यायला गेला. बनियनवरच. पडद्यावर दिसला, तशी वर्गातली पोरं हसली. सुनेनं मागे न बघताच हात केला. असा." कोंबडी हाकलावी तसा त्यांनी हवेत हात झटकला. "तिचं काही चुकलं नाही. वर्ग चालू होता. पण तेव्हापासून त्या माणसाला वाटतं, आपण सारखे कुणाच्या तरी वाटेत येतोय."

तिचा पाय थांबला. तिला तो चहा आठवेना. हात तर मुळीच आठवेना.

"बाबा, मी..."

"अंहं! मधे बोलायचं नाही, तूच म्हणालीस ना? मार्क जातील." ते हसले. मग हसू विरलं. "बसमध्ये माझ्या डोक्यावर पाटी असायची. ड्रायव्हरशी बोलू नये. रिटायर झालो, बस सुटली. पाटी काही कुणी उतरवली नाही."

'त्या माणसाच्या' म्हणायचं ते विसरले होते. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

तिने रेकॉर्डिंग थांबवलं आणि पुसून टाकलं.

"अगं, हे काय? मी चुकलो का? परत बोलतो, थांब. आता नीट बोलतो."

"नको बाबा."

"वर्ष जाईल तुझं!"

"बघू." तिने लॅपटॉप मिटला आणि खुर्ची ओढून त्यांच्या जवळ नेली. पुस्तकातलं काहीच आठवेना. शेवटी तिने जे सुचलं ते विचारलं. "बागेत कोण कोण असतं तुमच्या सोबतीला?"

"बागेत? बागेत कुठे जातो मी? दवाखान्यात जातो."

ती एकदम पुढे सरकली. "दवाखान्यात? रोज? काय झालंय तुम्हाला? आणि आम्हाला कुणालाच सांगितलं नाहीत?"

"अगं, काही झालेलं नाही. ठणठणीत आहे मी."

"मग कशाला जाता?"

सासरे जरा ओशाळले. मनगट चोळत म्हणाले, "तिथे बीपी मोजणारी एक नर्स आहे. ती हात हातात घेते आणि विचारते, 'बाबा, काय होतंय?'"