वडिलांचा रकाना

पणजोबांचं नाव शोधण्यात माझी तीन वर्षं गेली. आजोबांच्या जन्मनोंदीत, शाळेच्या दाखल्यात, सगळीकडे वडिलांचा रकाना कोराच. आजोबा हयात असताना विचारलं, की खेकसायचे, "गेलेल्यांना कशाला उकरतेस? दुसरे उद्योग नाहीत का तुला?"

शेवटी, ते जिथे जन्मले त्या प्रसूतिगृहाच्या दफ्तरात अर्ज दिला. कारकूनबाई वाचूनच वैतागल्या.

"याच नोंदीसाठी हा बाविसावा अर्ज! वडिलांचं नाव लिहिलेलंच नाही, किती वेळा सांगायचं?"

"अहो, मी पहिल्यांदाच आलेय!" मीही भडकले.

त्यांनी कपाटातून जुन्या अर्जांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे आपटला.



एकवीसच्या एकवीस अर्जांखाली आजोबांची सही होती.