पाठवणीची डीव्हीडी

कस्तुराबाई तिसऱ्यांदा दुकानात आल्या, तेव्हा चंपत व्हिडिओवाल्याने आधी त्यांच्या पिशवीतली मेथीची जुडी ठेवून घेतली आणि मग लग्नाची डीव्हीडी हातात घेतली.

“तू सांगितलं त्या धनज गावच्या घरी लावून पाह्यली, बापू. तिथंही तसंच. अंजू मांडवातून निघते, माह्याकडे वळते, अन् अटकते. मंग एकदम गाडीतच बसलेली दिसते.”

“डिस्क चांगली हाये, मावशी. काही काही प्लेअर तिले घेतच नाही, त्याले मी काय करू?” चंपतने मऊ कापडाने डिस्क पुसली, उजेडाकडे धरून पाहिली.

“माह्या गळ्यात पडून लय रडली होती. तेवढंच पाहाचं होतं.”

पहिल्याच बाळंतपणात त्यांची लेक अंजू गेली, त्याला आता वर्ष होत आलं होतं.

ती गळाभेट चंपतनेही पाहिली नव्हती. तेव्हा तो कॅमेरा बंद करून पंगतीत बुंदीवर ताव मारत बसला होता. पुढे बोंब नको म्हणून नेमक्या त्या जागी डिस्कवर टाचणीने ओरखडा त्यानेच ओढला होता.

“इंझोरीले मास्तरायच्या घरी नवा प्लेअर आला म्हणतात,” डिस्क परत देत तो म्हणाला. “तिथं नक्की दिसन.”

“तूच एक धीर देतं, बापू,” म्हणत कस्तुराबाईंनी डिस्क पदरात गुंडाळली आणि इंझोरीची जीप किती वाजता सुटते, ते त्यालाच विचारलं.