पंख उघडेपर्यंत

फुलपाखरांच्या काचेच्या घरात शिरताच कॅमेऱ्याच्या लेन्सवर वाफ धरली. धाकटी ती पुसत राहिली आणि थोरली बाह्या दुमडून समोरच्या बाकावर टेकली. आत उकाडा होता. रुंद पानांवरून पाणी ठिबकत होतं आणि दूरदेशीची फुलपाखरं डोक्यावरून जात-येत होती.

धाकटी चार दिवसांसाठी माहेरी आली होती. तू जरा बाहेर पड म्हणून तिनेच बहिणीला ओढून आणलं होतं. घरी आजारी आईजवळ शेजारच्या काकू बसल्या होत्या. थोरलीला आज बहिणीला एकच सांगायचं होतं, दोन महिने आईला तुझ्याकडे घेऊन जा. सकाळी भांडी घासताना तिने वाक्य मनात जुळवूनही ठेवलं होतं. फोनवर विषय निघाला की धाकटी दर वेळी "बघू या गं" म्हणे आणि दुसरंच काही काढे.

पण आज धाकटीला निळ्या फुलपाखराचा फोटो हवा होता. ते पिकून काळ्या पडलेल्या केळ्याच्या फोडींवर पंख मिटून बसलं होतं. मिटलेलं असताना नुसतं तपकिरी, वाळक्या पानासारखं. निळाई सगळी आतून. पंख उघडेपर्यंत थांबावं लागेल, धाकटी म्हणाली. थांबू की, थोरली म्हणाली, आणि बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला.

निळ्याने काही दाद दिली नाही. धाकटीने कंटाळून मागे पाहिलं, तर एक नारिंगी फुलपाखरू ताईच्या मनगटावर बसून घाम पीत होतं. ती दबकत जवळ गेली. कॅमेरा वीतभर अंतरावर आला, बटण दहा-बारा वेळा वाजलं, तरी ताई हलली नाही.

फोटो नीट आलाय का पाहायला धाकटीने तो पडद्यावर मोठा केला. फुलपाखराची सोंड अगदी स्पष्ट आली होती. सोंडेखालची कातडी साबणाने भेगाळली होती, आणि मनगटाभोवती चार बोटांचे काळेनिळे डाग होते. तिने फोटो आणखी मोठा केला. मग कॅमेरा बंद केला.

थोरली दचकून उठली. "आले, आले," ती म्हणाली. आपण कुठे आहोत ते मग तिच्या ध्यानात आलं.

"ताई, हाताला काय झालं?"

थोरलीने बाही खाली ओढली. उठवताना आई धरते, तिने सांगितलं. रात्री तीनदा, कधी चारदा. पडायची भीती वाटते तिला. हे तिने कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं. जुळवून ठेवलेलं वाक्य काही तिला आठवेना. आठवलं असतं तरी बोलायचं त्राण नव्हतं.

बंद करायची वेळ झाली. बाहेर जाताना दोन दारांच्या मधे एक चिंचोळी खोली होती. तिथल्या बाईने सांगितलं की फुलपाखरं कपड्यांवर बसून बाहेर जातात, एकमेकींची पाठ बघून घ्या. थोरली पाठमोरी उभी राहिली. धाकटीने तिची वेणी बाजूला केली, खांद्यांवरून, पाठीवरून हात फिरवला. फुलपाखरू नव्हतं. हात तिने तिथेच ठेवले.

"आईला उठवायचं कसं, ते मला शिकव," ती म्हणाली. "माझ्याकडे न्यायचं तर ते यायला हवं."

थोरली वळली नाही.

"आधी पाय रोवून उभी राहा," ती म्हणाली, आणि अंगाचा सगळा भार तिने मागे, धाकटीच्या हातांवर सोडला.